भिंतीवरची वाटी

मी स्टीलची एक वाटी. मिरजगावच्या बाजारात भागिरथीबाईंनी मला घेतलं आणि तिथंच माझ्यावर आपलं नाव घालून घेतलं. दोन घरांमधल्या कमरेएवढ्या भिंतीवरून माझी सारखी ये-जा, त्यामुळे दोन्हीकडची स्वयंपाकघरं मला पाठ. मी जरा चौकसच आहे म्हणा ना, पण माणसांवर जीव आहे हो माझा!

पहिल्यांदा मी ठेचा घेऊन शेजारच्या चांगुणाबाईंकडे गेले. शेजाऱ्याची वाटी रिकामी धाडायची नाही, म्हणून परत येताना माझ्यात चकल्या. केवढं कौतुक झालं!

मग एकदा चांगुणाबाईंनी काजू घातलेला शिरा पाठवला. भागिरथीबाई माझ्यात बघतच राहिल्या, मग आपल्याच घरातलं उणं शोधू लागल्या.

"आवं, आपली फरशी बगा कशी झालीय," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

"काल तर हिच्यावरच पडून म्हनलीस, लई गार वाटतं!" बन्सीभाऊ हसले. त्या हसल्या नाहीत.

तेव्हापासून घरातलं तूप माझ्यात आणि भागिरथीबाईंच्या ताटात कोरडी भाकरी. पलीकडेही तेच. चांगुणाबाई मला बासुंदीनं भरायच्या आणि दार लावून पाण्यात भाकरी कुस्करायच्या.

मग माझ्या तळात ते सुरू झालं. भागिरथीबाई मला घासायला वाकल्या की तिथं त्यांचा चेहरा नसायचा, चांगुणाबाईंचा असायचा. गुबगुबीत, हसरा. पलीकडे चांगुणाबाईंना भागिरथीबाई दिसायच्या. बाहेरचे गाल बसत चालले, आतले भरत चालले.

एका भरदुपारी मला भिंतीवर ठेवता ठेवता भागिरथीबाईंना भोवळ आली. मी खणकन पलीकडे पडले. चांगुणाबाई धावत आल्या.

"अगं बाई, किती वाळलाय वो तुमी!"

"तुमी तरी कुटं... वाटीत तर चांगल्या भरलेल्या..." भागिरथीबाईंनी जीभ चावली.

चांगुणाबाई पांढऱ्या पडल्या. "तुमालाबी दिसतं?"

त्या दिवशी दोघी एका ताटात पिठलं-भाकरी जेवल्या. पोटभर.

तेव्हापासून मी मांडणीवर पालथी आहे. दोघींना आता बरं वाटतंय. पण माझ्या तळातली बाई गेलेली नाही. कुणी बघत नाही, म्हणून ती उपाशी आहे. आतून नखांनी खरवडते आणि विचारते, "शेजारी आज काय केलंय?"

बाजारात, मोडीत, कुठंही मी तुमच्या हाताला लागले, तर दाराशी कुत्र्याला पाणी ठेवा माझ्यात, नाहीतर पालथीच राहू द्या. पण वाकून बघू नका. तिला तुमच्या शेजारणीचा चेहरा घ्यायला वेळ लागत नाही.