ड्रायव्हिंग सीट

"एवढा इंजिनियर होऊन शेवटी ड्रायव्हरच का रे?" शालनताईंचा चेहरा पडला. अभयला हसू आवरेना. साहेबांनी, म्हणजे सौमित्रने, भर मीटिंगमध्ये सांगितलं होतं, या प्रोजेक्टला ड्रायव्हिंग सीटवर अभय.

"अगं आई, म्हणजे सगळी सूत्रं माझ्या हातात. इंग्रजीत तसं म्हणतात."

तेव्हा कुठे त्या माउलीचा जीव भांड्यात पडला. नवऱ्याने स्वारगेट डेपोत तीस वर्षं एसटी चालवली होती आणि जाताना एवढंच बजावलं होतं, पोराच्या हातात स्टिअरिंग देऊ नकोस. शालनताईंनी अख्ख्या बिल्डिंगला पेढे वाटले.

शुक्रवारी लोणी काळभोरच्या रिसॉर्टवर परदेशी पाहुण्यांना प्रोजेक्ट दाखवायचा होता. अभयने महिनाभर जीव तोडून तयारी केली होती, नवा कोटही शिवला होता. खराडीच्या ऑफिसखाली पाहुण्यांसोबत सौमित्र गाडीची किल्ली घेऊन उभा होता.

"ड्रायव्हर आला नाही. अभय, गाडी तू घे. तुझ्या तर रक्तातच आहे." मग तीन महिन्यांपूर्वी लागलेल्या स्पृहाकडे वळून म्हणाला, "प्रेझेंटेशन तू कर. तुझं इंग्लिश ऐकवतं तरी."

"सर, आपण म्हणाला होतात, ड्रायव्हिंग सीटवर मी..."

"मग? शब्द पाळतोय ना मी? बस."

असल्या माणसांना हात उगारावा लागत नाही. किल्ली त्याच्या तोंडावर फेकायला हवी होती. अभयने ती घेतली.

रस्ता दाखवायला अभयचाच फोन गाडीला जोडला होता. हडपसरच्या पुढे गाडीच्या स्क्रीनवर 'आई' असं नाव आलं. अभय फोन कापणार, तोच शेजारी बसलेल्या सौमित्रने तो घेतला.

"बसलास का रे सीटवर?" गाडीभर आवाज घुमला. "बाबांच्या फोटोला सांगितलं मी, तुमच्या पोराला ड्रायव्हर नाही होऊ दिलं."

स्पृहा खिडकीबाहेर बघू लागली.

"काकू, मी त्याचा साहेब," सौमित्र अदबीने म्हणाला. "अगदी व्यवस्थित बसलाय. आम्हा सगळ्यांना तोच नेतोय."

"उपकार झाले साहेब." मागच्या पाहुण्यांनी काय चाललंय विचारलं, सौमित्रने इंग्रजीत सांगितलं, आणि सगळे मनमुराद हसले.

"अभय, तू बोल की दोन शब्द."

अभयच्या डोळ्यांपुढचा रस्ता धूसर झाला होता. "आई, गाडी चालवतोय मी."

"कळलं हो," आई कौतुकाने हसली. "ते इंग्रजीतलं."