मास्तरांच्या घरची सायकल

दर रविवारी सकाळी साडेसातला मास्तरांच्या दुकानात लोकांच्या करंगळ्या वाचवण्याचा वर्ग भरत असे. मास्तर म्हणजे सायकल फिटिंगचे, माणसाच्या मापाने सायकल बसवून देणारे मास्तर, पंक्चर काढणारे नव्हेत. हा फरक ते पहिल्या पाच मिनिटांतच समजावून सांगत, कारण कुणाचा गैरसमज झालेला त्यांना खपत नसे. वर्गाला पंधरा-वीस जण येत. वकील, बँकेतले साहेब, एक कानाचे डॉक्टर, सगळे अंगाला घट्ट चिकटलेल्या रंगीत कपड्यांत, पोट आत ओढून उभे. आठवडाभर खुर्चीत बसायचं आणि रविवारी ऐंशी किलोमीटर मारून हात झिणझिणतात म्हणून कण्हत यायचं, असा एकंदर प्रकार.

भिंतीवर हाताचं भलंमोठं चित्र टांगलेलं होतं. त्यात मनगटापासून करंगळीपर्यंत जाणारी नस लाल रंगाने काढली होती. मास्तर जुन्या चाकाची तार छडीसारखी धरून तिच्यावर टकटक करत आणि पोटतिडकीने बोलत. सीटचं नाक खाली झुकलेलं असलं की माणूस पुढे घसरतो आणि अंगाचा भार हातांवर येतो. हँडल लांब असलं की कोपर ताठ होतं, खड्ड्याचा प्रत्येक दणका सरळ तळव्यात शिरतो. मनगट मोडून ब्रेक धरला की नस चेपली जाते. शिष्य वह्या काढून हे सगळं उतरवून घेत. आणि खरी चीड आणणारी गोष्ट ही, की यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं.

पडद्यामागच्या खोलीत त्यांची बायको अठरा कप चहा करत हे ऐकत असे. गल्लीत तिला दातवाली म्हणत, कारण ती दातांच्या लॅबमध्ये कामाला होती. डॉक्टरांकडून तोंडाचे साचे यायचे, आणि ही बारीक कोरणीने मेणाचा दात कोरायची. तोच पुढे पक्का होऊन कुणाच्या तरी जबड्यात बसायचा. बावीस वर्षं ती खिडकीजवळच्या त्याच टेबलावर बसत होती. अलीकडे ती चहाचा ट्रे छातीशी कवटाळून आणायची, कारण उजव्या हाताच्या शेवटच्या दोन बोटांचा काही भरवसा राहिला नव्हता. शिष्यांना वाटे, मास्तरीणबाई फार जपून वागतात.

तिने मास्तरांना सांगितलं नव्हतं असं नाही. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ते म्हणाले, झोपेत हात अंगाखाली येत असेल. दुसऱ्यांदा जीवनसत्त्व कमी पडतंय म्हणाले आणि गोळ्यांची बाटली आणून दिली. तिसऱ्यांदा त्यांनी वयाचा विषय काढला. चौथ्यांदा तिनेच भीत भीत विचारलं की हे सायकलमुळे तर नसेल. रोज जाऊन-येऊन अठरा किलोमीटर होतात, अर्धा रस्ता दगडी फरशीचा आहे.

मास्तर चांगले खळखळून हसले. "सायकलने हात सुन्न व्हायला आधी सायकल चालवावी लागते," ते म्हणाले. "तू नुसती कामावर जातेस."

तिची सायकल म्हणजे मास्तरांची तरुणपणची शर्यतीची सायकल. मास्तर सहा फुटांचे, ही त्यांच्या खांद्याला लागायची. नवी सायकल आली तेव्हा त्यांनी मोठ्या मनाने जुनी तिला दिली, सीट खाली केली, सरळ हँडल बसवलं आणि झाली बायकी सायकल म्हणून हात झटकले. पुढे एकदा सीट टोचते म्हणून तिने तक्रार केली. तेव्हा गिऱ्हाईक समोर असताना, त्याच्याशी बोलता बोलता, त्यांनी एका पान्याने सीटचं नाक खाली दाबलं आणि विचारलं, झालं? तिने हो म्हटलं. टायर मात्र ते महिन्याकाठी एकदा स्वतः दगडासारखे टणक भरून ठेवत, कारण मास्तरांच्या घरची सायकल मऊ टायरवर फिरते असं कुणी म्हणायला नको.

लॅबच्या मालकिणीला यातलं काही ठाऊक असायचं कारण नव्हतं. तिला एवढंच दिसत होतं की दातवालीचे तीन दात एकाच महिन्यात डॉक्टरांकडून परत आले. एक उंच बसत होता, दोन शेजारच्या दाताला नीट टेकत नव्हते. मालकीण ओरडली नाही, हे जास्त वाईट होतं. ती शांतपणे म्हणाली, महिनाभर बघू, नाहीतर तुम्ही प्लास्टर ओतायला बसा, तिथे बोटांचं एवढं काम नसतं. प्लास्टरचं टेबल मागच्या अंधाऱ्या खोलीत होतं. बावीस वर्षं कोरणी धरलेल्या बाईने तिथे बसून बादलीत चमचा फिरवायचा. त्या दिवशी ती संडासात जाऊन रडली, मग तोंड धुऊन पुन्हा टेबलावर बसली.

त्याच आठवड्यात चौकाच्या कोपऱ्यावर तिचं मागचं चाक बसलं. तिथे एक पंक्चरवाला होता. मास्तर त्याला सायकलींचा न्हावी म्हणत आणि त्याच्यासमोरून जाताना मुद्दाम दुसरीकडे बघत. टपरीत दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याला रस्त्यावर थांबावं लागे. त्याने पंक्चर काढलं. ती सायकल घेऊन निघणार, तेवढ्यात हातातली किल्ली खाली पडली. ती उचलायला गेली तर बोटांच्या फटीतून पुन्हा पडली. पंक्चरवाल्याने किल्ली उचलून दिली आणि विचारलं, "वहिनी, करंगळी सुन्न असते का? आणि तिच्या शेजारचं बोट?"

बोटं सुन्न व्हायला लागल्यापासून तीन वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. तिला एकदम भरून आलं आणि स्वतःचाच राग आला, पंक्चरवाल्यासमोर रडतेय म्हणून.

त्याने तिला सायकलवर बसायला सांगितलं आणि स्वतः बाजूला उभं राहून मागून सायकल धरली. कुठे टोचतं, कुठे ओढ बसते, घसरायला होतं का, एकेक विचारत गेला. ती सांगत गेली. मग त्याने सीटवर पाण्याची अर्धी भरलेली बाटली आडवी ठेवली आणि पाणी सारखं होईपर्यंत सीटचं नाक वर घेतलं. भंगाराच्या डब्यातून हँडल धरणारा एक आखूड तुकडा शोधून काढला आणि लांब तुकड्याच्या जागी बसवला, त्याने हँडल चार बोटं जवळ आलं. ब्रेकचे दांडे जरा खाली फिरवले, म्हणजे मनगट सरळ राहील. टायरमधली हवा थोडी सोडली. हँडल गळा दाबल्यासारखं धरायचं नाही आणि प्रत्येक सिग्नलला हात झटकायचे, हेही सांगितलं. सगळं मिळून वीस मिनिटं गेली.

"कुणी बसवली होती ही?" त्याने हात पुसत विचारलं.

"घरीच," ती म्हणाली.

त्याची नजर सायकलच्या नळीवर चिकटवलेल्या मास्तरांच्या दुकानाच्या नावावर गेली. त्याने ते वाचलं, चेहऱ्यावरची रेघ हलू दिली नाही आणि म्हणाला, मास्तर कामात असतील.

तिसऱ्या आठवड्यात भांडी घासताना तिच्या करंगळीला पाणी चटकन पोळलं. ती तशीच उभी राहिली, बोट पुन्हा नळाखाली धरलं, पुन्हा पोळलं. इतका आनंद तिला कित्येक वर्षांत झाला नव्हता. मास्तर बाहेर पेपर वाचत होते. ती सांगायला गेली की बोटं जागी होतायत, तर ते पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "मी म्हटलं नव्हतं? गोळ्यांचा गुण." पुढच्या रविवारी वर्गात त्यांनी ते उदाहरण म्हणूनही सांगितलं, माझ्या घरातलंच बघा म्हणून. पडद्यामागे गोळ्यांची बाटली अजून सीलबंद होती. तिने चहात साखर घातली आणि तोंड मिटून ठेवलं, कारण बोटं परत आली होती आणि श्रेय कुणाला मिळतंय याचं तिला तेव्हा सोयरसुतक नव्हतं.

महिना संपायला दोन दिवस उरले असताना लॅबमध्ये एक अवघड काम आलं. बँडमध्ये ट्रम्पेट वाजवणाऱ्या माणसाचा पुढचा दात. दुसऱ्या लॅबने दोनदा करून दिला होता, दोन्ही वेळा त्याचा सूर फाटला. ओठ जिथे टेकतो तिथे दाताला केसभरही जास्तीचं चालणार नव्हतं. मालकिणीने ते तिच्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, सोमवारी सकाळी हाच करा, यावरून ठरवू.

आणि आदल्या रविवारी, वर्ग सुटताना, एका शिष्याने शहाणपणा केला. दाराशी टेकलेली सायकल बघून त्याने विचारलं, मास्तर, हिचं हँडल जास्तच जवळ नाही का? मास्तरांनी पाहिलं. दुसऱ्याचा पाना आपल्या सायकलला लागलाय हे त्यांना क्षणात कळलं, तेवढे ते तरबेज होते. चेहरा असा झाला, जणू कुणी भर बाजारात टोपी उडवली. "कुणा अडाण्याने हात मारलाय," ते शिष्यांना म्हणाले. बायको मागे कप विसळत होती. तिला हाक मारून विचारायला सहा पावलं चालावं लागलं असतं. मास्तर ती चालले नाहीत. दुपारी ती बहिणीकडे गेली असताना त्यांनी त्या सायकलचे वीस वर्षांपूर्वीचे आकडे जुन्या वहीत शोधले, लांब तुकडा पुन्हा बसवला, ब्रेकचे दांडे वर घेतले, सीटचं नाक खाली दाबलं आणि टायर टणक भरले.

सोमवारी सकाळी ती सायकलवर बसली आणि पुढे घसरली. पहिल्या वळणापर्यंत तिला वाटलं, आपलंच काहीतरी चुकतंय. दगडी फरशी सुरू झाली आणि तळव्यात ओळखीच्या मुंग्या आल्या. ती उतरली. सायकलकडे नीट पाहिलं आणि काय झालंय ते समजलं. तेव्हा तिला जे वाटलं त्याला राग म्हणणं म्हणजे मास्तरांचा उगाच मान राखणं होईल. एवढा मोठा माणूस, भिंतीवर एवढं मोठं हाताचं चित्र, आणि घरातला हात त्याला दिसत नाही. तिला त्यांची किळस आली.

तिने सायकल ढकलत कोपऱ्यावर नेली, पंक्चरवाल्याला म्हणाली, होती तशी करून ठेवा, आणि बस पकडली. अर्धा तास उशीर झाला. मालकिणीने घड्याळाकडे पाहिलं. दातवालीने दहा मिनिटं हात कोमट पाण्यात धरला, मुंग्या गेल्याची खात्री करून घेतली आणि कोरणी उचलली. दुपारपर्यंत ती टेबलावरून उठली नाही. गुरुवारी डॉक्टरांचा फोन आला की दात बसला आणि त्या माणसाने दवाखान्यातच वाजवून दाखवलं. मालकिणीने प्लास्टरचा विषय पुन्हा काढला नाही.

त्याच सोमवारी संध्याकाळी घरी मात्र बोलणं झालं. सायकल कुठे आहे, असं मास्तरांनी विचारलं. तिने सांगितलं. मास्तर लालबुंद झाले. कुठल्या गाढवाच्या हातात दिलीस म्हणाले, त्याने बिघडवलेली कालच नीट केली होती मी.

"त्या गाढवाने मला बघितल्याबरोबर विचारलं, करंगळी सुन्न असते का," ती म्हणाली. "सायकल आता तिथेच राहील. मी चालत जाऊन तिथून घेत जाईन."

आणि तसंच झालं. रोज सकाळी ती कोपऱ्यापर्यंत चालत जाई, सायकल घेई, संध्याकाळी तिथेच ठेवून घरी येई. दिवसभर टपरीसमोरची तिची जागा रिकामी असे, पण सुट्टीच्या दिवशी सायकल भर चौकात उभी राही, मास्तरांच्या दुकानाचं नाव रस्त्याकडे करून. मास्तरांचे सगळे शिष्य रविवारी त्याच चौकातून येत. पहिल्या रविवारी कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या रविवारी कानाच्या डॉक्टरांनी विचारलं, मास्तर, वहिनींची सायकल पंक्चरवाल्याकडे कशी? मास्तर म्हणाले, पंक्चर आहे. तिसऱ्या रविवारी डॉक्टर म्हणाले, बराच वेळ लागतोय हो पंक्चरला, आणि दोघेतिघे वहीत तोंड खुपसून हसले. त्या दिवशी चहाही नव्हता. दातवाली रविवारी आता उशिरापर्यंत झोपत असे.

सोमवारी ती कोपऱ्यावर पोचली तर मास्तर तिच्या आधीच तिथे हजर. त्यांच्यापुढे दूधवाला होता, म्हणून ते रांगेत उभे होते. ती जरा मागेच थांबली. दूधवाल्याचं काम झाल्यावर मास्तरांनी घसा साफ केला आणि ही सायकल न्यायला आलोय म्हणाले.

"वहिनींना विचारून सांगतो," पंक्चरवाला म्हणाला. अदबीनेच म्हणाला.

मास्तरांनी नाकातून श्वास सोडला. मग आवाज खाली आणून, इकडेतिकडे बघून त्यांनी विचारलं, हँडल नेमकं किती मिलिमीटर जवळ घेतलं, कुठल्या मापाने.

"माप नाही घेतलं," पंक्चरवाला म्हणाला. "त्यांनाच विचारलं."

मास्तर वळले, तर ती समोर. तिने मुद्दाम वाट पाहिली. एकच प्रश्न विचारायचा होता त्यांनी, हात कसा आहे, एवढा तीन शब्दांचा, आणि सगळं तिथल्या तिथे मिटलं असतं. ती खरंच मिटवायला तयार होती. शेवटी मास्तर म्हणाले, संध्याकाळी बोलू. ती बरं म्हणाली, सायकल काढली आणि गेली.

दिवसभर तिच्या मनात नको म्हटलं तरी येत राहिलं, की आज तरी ते विचारतील. संध्याकाळी ती जरा लवकरच निघाली, सायकल कोपऱ्यावर ठेवताना पंक्चरवाल्याला म्हणालीसुद्धा की उद्यापासून कदाचित घरी नेईन.

मास्तर दारातच उभे होते. एका हातात वही होती, दुसऱ्या हातात मोजपट्टी.

"हात सरळ कर," ते म्हणाले.

तिने हात मागे घेतला, चपला काढल्या आणि त्यांच्या बाजूने आत गेली. सायकल अजून कोपऱ्यावरच असते.