पाचव्या गिअरची परीक्षा

जिन्यावरून पडून माझा डावा गुडघा मोडला, आणि तेव्हापासून घरादारात प्रत्येकाला माझ्या गाडीबद्दल मत आहे. डॉक्टर म्हणाले, ऑटोमॅटिक घ्या. मावशी म्हणाली, ड्रायव्हर ठेव. शेजारीणबाईंनी तर न विचारता त्यांच्या भाच्याचा नंबर पाठवला, त्याला म्हणे जुन्या गाड्या चांगल्या भावात काढता येतात. मी सगळ्यांचं ऐकून घेतलं, मान हलवली आणि मॅन्युअलच चालवत राहिले.

माझं काम वजनकाटे तपासण्याचं. दुकानं, दवाखाने, गोदामं, जिथे म्हणून काही तोललं जातं तिथे मी डिकीत लोखंडी वजनं घालून पोचते आणि काटा खरं बोलतो की खोटं ते सांगते. गाडी छोटीच, पण तिला टर्बो आहे, इंजिनात जादा हवा कोंबून जोर वाढवणारा. धाकट्या भावाचं गॅरेज आहे. गुडघा मोडायच्या आधी त्याने इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये हात घालून टर्बोचा दाब वाढवला, त्याच्या भाषेत ‘ट्यून’ केली. वजनं घेऊन चढावर रडणारी गाडी त्यानंतर हसत चढायला लागली. मला ते आवडलं होतंच, पडल्यानंतर तर फारच आवडायला लागलं. माझ्या पायातला जोर गेला होता, गाडीतला तरी शाबूत होता.

भानगड झाली क्लचची. इंजिनाचा जोर वाढला, पण तो जोर चाकांपर्यंत पोचवणारा क्लच कंपनीतून आला तोच राहिला. तो मधूनमधून घसरायला लागला. घसरला की इंजिन नुसतंच बोंबलतं आणि गाडी आपली आहे त्याच चालीने जाते.

“ताई, क्लच बदलावा लागणार,” धाकटा म्हणाला. “हेवी ड्यूटीचा टाकू. फक्त पेडल थोडं जड होईल.”

त्याचं ‘थोडं’ मला लहानपणापासून माहीत आहे. गॅरेजमध्ये एका गिऱ्हाइकाच्या गाडीला तसाच क्लच बसवलेला होता. मी म्हटलं, बसून बघते. पहिल्यांदा दाबला तेव्हा जमलं. दुसऱ्यांदा गुडघ्यातून कळ आली. तिसऱ्यांदा पाय थरथरायला लागला आणि पेडल माझ्या बुटाला घेऊन आपलं आपणच वर आलं. धाकटा शेजारी उभा होता, पण टायरांकडे बघत होता. मला खरा राग आला तो त्या बघण्याचा.

“मग ट्यून काढून टाकतो,” तो म्हणाला. “नाहीतर ऑटोमॅटिकच बघू या. ताई, कधीतरी मान्य करावंच लागतं गं.”

“काय मान्य करायचं?”

त्याने पाना उचलून पुसायला घेतला. तरी मला कळलं. शेजारच्या सीटवर बसायचं, पिशवी मांडीवर घ्यायची आणि कुणाला तरी वेळ होईपर्यंत वाट बघायची. मी घाबरले, उगाच कशाला लपवू. आणि मी घाबरले की माझी जीभ सुटते. त्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

घरी आले ती तणतणतच. आई मटार सोलत होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि शेंगेवरची नजर न काढता विचारलं, “पण तो घसरतो कधी?”

“कधीही घसरतो.”

“कधीही म्हणजे कधी? मागच्या आठवड्यात मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलंस तेव्हा घसरला?”

नव्हता घसरला. गोदामाच्या चढावर डिकी भरलेली असताना नव्हता. बाजाराच्या गर्दीत नव्हता. मी आठवत गेले आणि एकेक दिवस जुळत गेला. क्लच घसरायचा तो गाडी गॅरेजमधून परत आल्यावर. मी तक्रार करायची, की परत गॅरेज; गाडी तिकडे नेली नाही, तर चार दिवसांत आपोआप नीट चालायला लागायची.

आणि गॅरेजमध्ये काय व्हायचं? गाडीची दुसरी किल्ली धाकट्याच्या जुडग्यात असते. तो गाडी बाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर काढायचा, वेग कमी असतानाच पाचवा गिअर टाकायचा आणि ॲक्सिलरेटर तळाला टेकवायचा. क्लच घसरतो का ते बघायची ही गाड्या ट्यून करणाऱ्या सगळ्या मंडळींची परीक्षा. टर्बोचा सगळा जोर एकदम क्लचच्या मानगुटीवर बसतो, आणि धडधाकट क्लचही त्याखाली घसरू शकतो. घसरला की तापतो, तापला की आणखी घसरतो. धाकट्याचं समाधान झालं की त्याचा मित्र म्हणायचा, बघू, मीही एकदा बघतो.

“कुंपणच शेत खातंय,” आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गॅरेजच्या दारात गाडी उभी केली आणि किल्ली पर्समध्ये टाकली.

“माझा क्लच तू खातोयस,” मी म्हणाले.

तो एका गिऱ्हाइकाच्या गाडीखाली होता. तिथूनच म्हणाला, “काय?”

“बाहेर ये. मी काटा तपासते तेव्हा त्याच्यावर हत्ती उभा करते का? दर खेपेला पेलवेल त्याच्या टोकाचं वजन धाडकन टाकलं तर चांगला काटाही बिघडेल. मग मी म्हणायचं, बघा, मी सांगत नव्हते?”

तो बाहेर आला, हात पुसत. “तपासल्याशिवाय कळणार कसं?”

“चालवून कळेल. मी चालवते, मला कळेल. यापुढे परीक्षा बंद. तुझी बंद, तुझ्या मित्राचीही बंद. आणि इंजिन सावकाश फिरत असतं तेव्हाचा टर्बोचा दाब उतरव. जोर वर दे, इंजिन चांगलं फिरायला लागल्यावर.”

“मजा जाईल, ताई. खालून जो धक्का बसतो ना, तीच तर…”

“मजा माझी आहे. तिचं काय करायचं ते मी बघते.”

“आणि गर्दीत? अर्धा क्लच दाबून धरतात सगळे. त्याने जळणारच तो.”

“अर्धा क्लच धरला की माझा गुडघा मला आईवरून शिव्या देतो,” मी म्हणाले. “म्हणून मी धरत नाही. सिग्नलला न्यूट्रल, चढावर हँडब्रेक, एरवी पाय जमिनीवर. तुझ्या सगळ्या गिऱ्हाइकांमध्ये पेडलवर विनाकारण पाय न ठेवणारी एकटी मी आहे. आणि जड क्लच तू मलाच बसवायला निघालास. रोग म्हशीला आणि औषध पखालीला!”

तो लॅपटॉप घेऊन गाडीत बसला. तोंड एवढंसं झालं होतं, पण केलं त्याने. काम संपवून उतरला आणि खिडकीत वाकून म्हणाला, “चढावर दगा दिला तर माझ्याकडे यायचं नाही.”

“तुझ्याकडेच येणार. दुसरं गॅरेज महाग आहे.”

पहिले काही दिवस मी गाडी नव्या सुनेसारखी जपून चालवली. खालून बसणारा धक्का खरंच गेला होता आणि मला तो आठवत होता, खोटं कशाला बोलू. पण गिअर एक खाली आणून इंजिन फिरू दिलं की जोर आपला हजर. क्लच एकदाही घसरला नाही.

मग आईला डोंगरावरच्या मावशीकडे राहायला जायचं ठरलं. धाकटा म्हणाला, मीही येतो. मावशीवर त्याचं एवढं प्रेम कधीपासून, ते मी विचारलं नाही. तो शेजारी बसला, आई मागे. डिकीत वजनं तशीच होती, मी मुद्दाम काढली नव्हती.

अर्ध्या चढावर पुढचा ट्रक थांबला. मी हँडब्रेक ओढला आणि डावा पाय खाली ठेवला. धाकटा माझ्या पायाकडे बघत होता. ट्रक हलला तशी मी क्लच अलगद सोडून गाडी काढली आणि त्याच्या मागे रांगत राहिले. पुढे रस्ता सरळ आणि मोकळा दिसला.

“आता पाचवा टाक,” धाकटा एकदम म्हणाला, “आणि दाब. एकदाच. बघू तरी!”

“तू गप बस रे,” आई मागून म्हणाली.

मी तिसरा टाकला. ॲक्सिलरेटर हळूहळू दाबत नेला, इंजिन फिरायला लागलं आणि टर्बोने शीळ घातली. डिकीतल्या वजनांसकट, आईसकट आणि त्या शहाण्यासकट गाडी ट्रकच्या पुढे निघाली. इंजिनाचा काटा आणि वेगाचा काटा बरोबरीने वर चढले. मी काट्यांच्याच धंद्यातली आहे, क्लच घसरत नाहीये हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी मोठ्याने हसले. गुडघा दुखत होता, तरी हसले.

वर पोचल्यावर धाकटा आधी उतरला आणि पुढच्या चाकाशी वाकून वास घ्यायला लागला. जळका क्लच लपत नाही, नाकाला झोंबतो.

“काय हुंगतोयस?” आईने विचारलं.

“काही नाही.”

“काही नाही म्हणजे वास नाही, की सांगायचं नाही?”

“वास नाही,” तो म्हणाला. मग सवयीने खिशात हात घातला आणि जुडगं काढलं. “परत निघायच्या आधी मी एकदा राउंड मारून…”

मी तळहात पुढे केला. “ती किल्ली इकडे.”

“अगं, अडीअडचणीला असू दे माझ्याकडे.”

“अडचण तूच आहेस.”

“आणि घसरलाच कधी तर? कुठेतरी अडकून पडलीस तर?” त्याचा आवाज चिडका नव्हता. मला तेव्हा कळलं, हा दर वेळी पाचव्यात का दाबून बघायचा ते. माझा राग अर्धा उतरला. हात मात्र मी खाली घेतला नाही.

“तर तुला फोन करीन. तू ये. पण गाडी घरी आणीन मीच.”

जुडग्याची कडी घट्ट होती. नख मोडून घेत त्याने ती उघडली आणि किल्ली माझ्या हातावर ठेवली. मावशीने दारातूनच त्याला भाजीने भरलेली मोठी पिशवी दिली आणि आई आत गेली.

मी आरसा नीट करेपर्यंत धाकटा शेजारच्या सीटवर येऊन बसला. पिशवी मांडीवर घेतली आणि मी निघायची वाट बघत राहिला.