एकाच तारेवरची गोष्ट

आल्मिरा प्रुइटच्या साळिंदराच्या गोष्टी पार बोस्टनपर्यंतची पोरं वाचत, पण आल्मिराचा जीव एकाच पोरीत अडकलेला: बहिणीच्या विनीत. विनीला संसर्गाचा लाल ताप आला, दारावर प्रवेशबंदीची पाटी लागली, आणि मावशीला दरीच्या या बाजूलाच थांबावं लागलं. मग रोज दुपारी ती टेलिफोनवरून नव्या पुस्तकाचं एकेक प्रकरण वाचायची. पलीकडे विनीची खाट भिंतीवरच्या फोनखाली ओढलेली, आणि आई हेस्टर रिसीव्हर तिच्या कानाला लावून बसलेली.

टेलिफोनची तार मात्र सगळ्या दरीत मिळून एकच. घंटा कुणाचीही वाजो, रिसीव्हर सगळे उचलणार. त्यात लाज कसली? मिसेस टटल यांचं घड्याळ तारेवर टिकटिकायचं, चर्चच्या डीकन होबार्टना खोकला आवरायचा नाही. आल्मिराचं पुस्तक विकत घ्यायला यांतलं कुणी कधी गेलं नव्हतं, फुकटात मात्र सगळे कान टवकारून बसायचे. तिलाही ते आतून आवडायचं.

एके दिवशी विनी कुरकुरली, "मावशी, मोठ्याने वाच ना."

दुसऱ्या दिवशी ती रडायलाच लागली. हेस्टर भेदरून म्हणाली, "आल्मिरा, डॉक्टर म्हणाले होते, हा ताप कधीकधी कानांवर उतरतो. माझ्या पोरीचे कान गेले तर गं?"

आल्मिराचं जेवण गेलं, लिहिणं सुचेना. मग एकदम आठवलं, आणि तिचा जीव भांड्यात पडला. जितके रिसीव्हर उचलले जातात तितका आवाज बारीक होतो, हे दरीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. निम्मी दरी गोष्ट ऐकत बसल्यावर विनीपर्यंत पोचणार काय, डोंबल?

तिसऱ्या दिवशी वाचण्याआधी ती कडाडली, "सगळ्यांनी रिसीव्हर ठेवा! मिसेस टटल, तुमचं घड्याळ ऐकू येतंय मला!"

"अगं बाई, मी आत्ताच तर उचलला," मिसेस टटल म्हणाल्या. "ते साळिंदर सापळ्यात अडकलंय, त्याचं काय झालं तेवढं तरी..."

"पुस्तकात वाचा! तुमच्यापायी पोरीला ऐकू येत नाहीये."

खट्. खट्. डीकनचा खोकला गेला. "देव पोरीला बरं करो," एवढं बोलून मिसेस टटलही घड्याळासकट गेल्या. तार इतकी स्वच्छ झाली की हेस्टरच्या चुलीवरची किटली ऐकू यायला लागली.

आल्मिराने घसा ताणून वाचायला सुरुवात केली.

"अगं, हळू!" हेस्टर हसत ओरडली. "रिसीव्हर तिच्या कानाला आहे, तरी मला शब्द न् शब्द ऐकू येतोय!"

आल्मिराला रडूच फुटलं, आनंदाने. डोळे पुसून तिने पान उलटलं. साळिंदराने सापळ्याची दोरी कुरतडली, एक पाय सुटला.

"आई," विनीचा आवाज आला, "मावशी कधी सुरू करणार?"

हेस्टरचं हसू थांबलं. आल्मिरा मात्र वाचतच राहिली, कारण थांबली असती तर हेस्टरशी बोलावं लागलं असतं.