ऐंशी नंबरचं दार

सोमवारी सकाळी पावणेनऊला ताईनं मशीन बंद करून पुन्हा चालू केलं, आणि वेब सर्व्हर काही उठला नाही.

मशीन उठलं होतं. पंखा घरघरत होता, हेडफोनमधला आवाज नेहमीच्या घाईनं बोलत होता. पण वाचनालयाची वेबसाइट बंद. अंध वाचकांसाठी पुस्तकं मोठ्यानं वाचून, ध्वनिमुद्रित करून ठेवणारं वाचनालय होतं ते. श्रोते घरबसल्या वेबसाइटवरून पुस्तकं ऐकायचे. सहा हजार पुस्तकं, अकराशे श्रोते, आणि ते सगळं चालवणारं हे एक मशीन. गेली नऊ वर्षं ते ताईच्या ताब्यात होतं. ताई स्वतः जन्मापासून अंध. वयानं मोठी माणसंसुद्धा तिला ताईच म्हणायची.

शनिवारी संध्याकाळी तिनं सर्व्हरची नवी आवृत्ती चढवून ठेवली होती. जुन्या आवृत्तीला आता सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणार नव्हत्या, त्यामुळे ते टाळण्यात अर्थ नव्हता. पण रविवारी श्रोते सगळ्यात जास्त ऐकतात. म्हणून मशीन बंद-चालू करायचं काम तिनं सोमवार सकाळवर ठेवलं.

नऊ वाजायच्या आत पहिला फोन आला. भूगोल शिकवून निवृत्त झालेले एक मास्तर होते, रोज सकाळी एक प्रकरण ऐकल्याशिवाय ते चहा घेत नसत.

"ताई, माझा नायक विहिरीत पडलाय आणि आवाजच बंद झाला."

"काढते बाहेर, मास्तर. तोवर त्याला जरा पोहू द्या."

"पोहता येत नाही हो त्याला!"

हसत तिनं फोन ठेवला आणि सर्व्हरला विचारलं, तुझ्या सूचनांच्या फायलीत काही चूक आहे का? उत्तर लगेच आलं. एकशे चौदाव्या ओळीतली एक सूचना नव्या आवृत्तीतून काढून टाकलेली होती. शनिवारी चढवायच्या आधी ही तपासणी करायला हवी होती, आणि ती तिनं केली नव्हती. स्वतःवरच चिडून तिनं ती ओळ काढली, नव्या पद्धतीनं लिहिली, पुन्हा तपासलं. फाइल आता ठीक होती. सर्व्हर चालू करायची आज्ञा दिली.

नाहीच उठला.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. एक चप्पल ओढत चालणारी, ती सचिवांची. बँकेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी संस्थेचं सचिवपद घेतलं होतं. दुसरे बूट करकरीत, टाच वाजवणारे. ते तीन महिन्यांपूर्वी समितीनं नेमलेल्या सल्लागाराचे. दोघं एरवी अकराच्या आधी कधी उगवायचे नाहीत.

"साइट बंद आहे म्हणे," सचिव म्हणाले.

"हो. शोधतेय."

"त्यांना विचारा, शनिवारी नक्की काय काय टाइप केलं होतं," सल्लागार सचिवांना म्हणाला. "एखादा स्वल्पविराम इकडचा तिकडे झाला तरी होतं असं. दिसत नसताना ते कळणार कसं?"

"त्यांना कान आहेत," ताई म्हणाली. "थेट विचारा. एका ओळीत चूक होती. माझी होती. ती मी दुरुस्त केली. आता दुसरं काहीतरी अडलंय."

"बघा, म्हणजे चूक झालीच," सल्लागार पुन्हा सचिवांनाच म्हणाला.

सचिवांनी घसा साफ केला. तिच्या टेबलावर एक कागद ठेवल्याचा आवाज आला. "ताई, कोणी तुम्हाला दोष देत नाहीये. नऊ वर्षं केलंत, फार केलंत. पण आता हे सगळं वाढलंय, तुम्हाला झेपेल असं नाही. यावर सही करा, पासवर्ड यांना द्या. तुमची नोकरी जात नाही हो. खाली ध्वनिमुद्रणाच्या खोलीत पेट्यांवर ब्रेलच्या चिठ्ठ्या लावायचं काम आहे, शांत काम आहे. पगार तोच."

"कागदावर काय लिहिलंय?"

"हेच, जे मी सांगितलं."

"मग वाचूनच घेते." तिनं दारातून हाक मारली. "वाचकबाई, जरा येता का वर?"

वाचकबाई म्हणजे संस्थेतला सगळ्यात जुना आवाज. तीनशेच्या वर पुस्तकं त्यांनी वाचली होती. त्या आल्या, चष्मा लावला आणि सवयीनं खणखणीत वाचायला लागल्या. "'सर्व्हरचे काम माझ्या दृष्टीच्या मर्यादेमुळे मला शक्य होत नसल्याने, तसेच त्यामुळे संस्थेच्या सेवेत खंड पडला असल्याने, मी स्वेच्छेने...' अगं बाई!" पुस्तक वाचताना त्या असं मधेच कधी थांबत नसत. "हे तू लिहिलंस?"

"नाही. सही करायची आहे म्हणे. तारीख कधीची आहे?"

कागद उलटल्याचा आवाज आला. "शुक्रवारची."

"मी आवृत्ती चढवली शनिवारी," ताई म्हणाली. "सेवेत खंड पडला आज. आणि तुम्हाला ते शुक्रवारीच ठाऊक होतं?"

"मसुदा होता तो," सचिव घाईनं म्हणाले. "कधी ना कधी वेळ येणारच होती, म्हणून... तारखेचं काय घेऊन बसलात? श्रोते खोळंबलेत!"

"हो ना. म्हणून मला काम करू द्या. सही मी करणार नाही. आजही नाही आणि उद्याही नाही."

"तुम्ही उठा जरा," सल्लागार आता पहिल्यांदा थेट तिच्याशी बोलला. "दोन मिनिटांत बघतो मी." त्यानं खुर्चीची पाठ धरली. मग थबकला. "स्क्रीन कुठाय?"

"नाहीये."

"नाही म्हणजे?"

"नऊ वर्षांत लागली नाही. मला काय करायचीय?"

वाचकबाई तोंडावर पदर धरून हसल्या. सल्लागारानं टेबलाखाली पाहिलं, मागे पाहिलं. हेडफोन कानाला लावून बघितला आणि लगेच काढला. ताईच्या मशीनचा आवाज इतक्या वेगानं बोलायचा, की सवय नसलेल्याला नुसती धान्य चाळल्यासारखी सळसळ ऐकू यायची.

"आपल्याकडे कुठंतरी स्क्रीन असेल ना?" त्यानं विचारलं.

"अडगळीच्या खोलीत असेल," सचिव म्हणाले. "किल्ली कोणाकडे आहे बरं?"

दोघं किल्ली शोधायला खाली गेले. ताईनं हेडफोन चढवला.

तेवढ्यात आईचा फोन आला. ताई, आई, थोरला भाऊ आणि वहिनी असे चौघं एकाच घरात राहायचे. वाचकबाईंनी तिथंच दारात उभ्या राहून वहिनीला फोन केला होता, वहिनीनं आईला सांगितलं होतं, बातमी वाऱ्यावर स्वार होऊन घरी पोचली होती.

"करून टाक गं सही. पगार तोच आहे ना? पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?"

"आई, इथला मासा मीच आहे. हे लोक काल-परवा पाण्यात उतरलेत."

"तुझी जीभच तुला नडणार एक दिवस."

"नडू दे. पण त्यांनी लिहिलंय की मला दिसत नाही म्हणून सेवा बंद पडली. हे खरं असतं तर मी स्वतः उठले असते. खरं नाहीये, आई."

आई म्हणाली, "बरं. मग शोधून काढ, आणि तोंडावर मार त्यांच्या." आईकडून असलं काही ऐकायची ताईला सवय नव्हती. तिला हसू आलं.

सर्व्हर चालू होताना जे जे करतो ते सगळं एका नोंदवहीत लिहून ठेवतो. घाईतला माणूस त्या नोंदींवरून नुसती नजर फिरवतो, लाल रंग दिसला की थांबतो. ताईला नजर फिरवता येत नव्हती. तिनं पहिल्या ओळीपासून ऐकायला घेतलं. सूचना वाचल्या, ठीक. प्रमाणपत्र सापडलं, ठीक. पुस्तकांचं कपाट उघडलं, ठीक. शेवटून दुसऱ्या ओळीला ती थांबली आणि ती ओळ तिनं आवाजाचा वेग निम्मा करून परत ऐकली. ऐंशी क्रमांक घेता आला नाही, तो आधीच वापरात आहे.

ऐंशी क्रमांक म्हणजे मशीनचं दर्शनी दार. वेबसाइट मागायला येणारा प्रत्येक जण आधी तिथंच येतो, आणि त्या दारात एका वेळी एकच सर्व्हर उभा राहू शकतो. म्हणजे तिचा सर्व्हर धडधाकट होता. त्याच्या जागेवर दुसराच कोणीतरी येऊन बसला होता.

तिनं विचारलं, कोण आहे? मशीननं नाव सांगितलं. 'ध्वनिद्वार'.

तिनं असलं काही कधी बसवलं नव्हतं. पण नाव ओळखीचं होतं. गेल्या बैठकीत सल्लागारानं ज्या नव्या यंत्रणेचं तोंड फाटेस्तोवर कौतुक केलं होतं, तीच ही. तिनं मशीनमध्ये येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद काढली. काल, रविवार, दुपारी तीन वाजून दहा मिनिटं. आत येणारं नाव: सचिव, तेही इथून नाही, घरच्या संगणकावरून. समितीच्या हट्टापायी त्यांच्या नावाला तिनं सगळे अधिकार देऊन ठेवले होते. बाहेर जाण्याची वेळ: पाच वाजून दोन मिनिटं.

रागानं तिचे कान तापले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. इथं तर फाशीचा कागदही आधीच लिहून तयार होता.

ते दोघं परत आले तेव्हा सल्लागार धापा टाकत होता. त्यानं टेबलावर काहीतरी जड आदळलं. जुनी स्क्रीन होती, आणि तिची वायर मिळाली नव्हती.

"राहू द्या वायर," ताई म्हणाली. "सचिवसाहेब, काल दुपारी तीनला तुम्ही घरून या मशीनमध्ये आला होतात?"

"मी? काल?" चप्पल जागच्या जागी सरकली. "हो, म्हणजे... यांना ते नवीन दाखवायचं होतं. नुसतं बघायला."

"नुसतं बघायला नाही. यांनी ते बसवलं. काल आपला सर्व्हर चालू होता, म्हणून त्याला ऐंशी नंबरचं दार मिळालं नाही, ते दुसऱ्या दारानं उघडलं. पण मशीन चालू झालं की आपोआप सुरू हो, असं त्याला सांगून ठेवलंय. आज सकाळी मशीन उठलं, माझा सर्व्हर माझ्या चुकीमुळे एकदा अडखळला, तेवढ्यात ते जाऊन दारात बसलं. मी माझी चूक सुधारली तरी ते उठायला तयार नाही."

"मी बंद केलं होतं ते," सल्लागार म्हणाला.

"बंद केलंत. काढलं नाहीत. ऐकायचंय?" तिनं हेडफोनची वायर ओढून काढली, आवाज मोठा केला, वेग साध्या माणसाला झेपेल एवढा ठेवला. मशीननं एकेक ओळ खोलीभर वाचून दाखवली: तारीख, वेळ, सचिवांचं नाव, ध्वनिद्वार. खालच्या खोलीतला ध्वनिमुद्रक जिन्यात येऊन उभा राहिला होता. वाचकबाई तर हलल्याच नव्हत्या.

"ठीक आहे, झालं असेल," सल्लागार पुटपुटला. "मग बंद करा ना ते. वेळ कशाला घालवताय?"

"मी नाही करणार. उद्या म्हणाल, आंधळीनं आमची यंत्रणा मोडली. सचिवसाहेब, तुमच्या नावानं बसलंय, तुम्ही सांगा. मोठ्यानं सांगा, सगळे ऐकतायत."

सचिवांना ते दोन शब्द जड गेले. "बंद करा," ते शेवटी म्हणाले.

"आणि काढून टाकू?"

"काढून टाका."

कीबोर्डवर टकटक झाली. मग तिनं आपल्या सर्व्हरला आज्ञा दिली, आणि मशीननं एकच शब्द उच्चारला: चालू.

तिसऱ्या मिनिटाला मास्तरांचा फोन. नायकाला कुणीतरी दोर टाकला होता. मास्तर चहा टाकायला गेले.

"झालं ना आता," सचिव हळू आवाजात म्हणाले. "हा कागद मी फाडतो. विषय संपला."

"फाडू नका," ताई म्हणाली आणि हात पुढे केला. "माझ्यासाठी लिहिलाय तो. माझ्याकडे द्या."

गुरुवारी समितीची बैठक झाली. सात जण होते, अध्यक्षबाई धरून. ताईला कोणी बोलावलं नव्हतं, ती आपणहून जाऊन उभी राहिली. ब्रेलमध्ये लिहून आणलेला अहवाल तिनं बोटांनी वाचला. सुरुवातीलाच स्वतःची चूक: चढवण्याआधी तपासणी केली नाही, यापुढे केल्याशिवाय चढवणार नाही. मग रविवार. मग कागद, त्याच्या तारखेसकट.

सचिव म्हणाले की अनवधानानं घडलं, इतिवृत्तात एवढा तपशील कशाला. काही सदस्यांनी माना डोलावल्या असाव्यात, कारण अध्यक्षबाई म्हणाल्या, "बहुतेकांचं तेच मत दिसतंय. बसा ताई, तुमचं म्हणणं पोचलं."

"लिहिलं जाईपर्यंत मी बसणार नाही."

बैठक तशीच पुढे चालली. खर्चाचा विषय झाला, छताच्या दुरुस्तीचा झाला. ताई उभीच. मग समितीतले एक म्हातारे गृहस्थ बोलले. तेही अंध होते, आणि सहा वर्षांत बैठकीत त्यांचा आवाज कोणी फारसा ऐकला नव्हता. ते म्हणाले, "रविवारी रात्री मी या मुलीच्या मशीनवरून पुस्तक ऐकत झोपलो. सोमवारी का ऐकू आलं नाही ते मला लिखित हवंय. मी श्रोता आहे. तुमच्यातला कोण आहे?"

कोणी नव्हतं.

मतदान झालं, चार विरुद्ध तीन मतांनी ताईचा अहवाल इतिवृत्तात घ्यायचं ठरलं. सचिवांच्या नावाचे अधिकार काढले. ताईला सांगितल्याशिवाय मशीनला कोणी हात लावायचा नाही. सल्लागाराची नेमणूक मात्र राहिली, त्याच्या यंत्रणेवर पुढच्या तिमाहीत विचार होणार होता. आणि ताईच्या बदलीचा प्रस्ताव 'तूर्तास' मागे घेतला.

"तूर्तास हा शब्द काढा," ताई म्हणाली.

अध्यक्षबाईंनी उसासा टाकला. "तो राहू द्या हो. सगळंच तुमच्या मनासारखं कसं होईल?"

"मग त्याला माझा विरोध आहे, हेही लिहा."

लेखनिकानं लिहिलं. तिनं त्याला ते वाचून दाखवायला सांगितलं. त्यानं 'नाराजी' असं लिहिलं होतं.

"नाराजी नाही," ती म्हणाली. "विरोध."

पेन कागदावर पुन्हा खरखरलं. मग तिनं चाचपून खुर्ची जवळ ओढली आणि बसली.