तीन लांब आवाज

मी एक जुना भोंगा आहे. जिऊ नदीच्या खोऱ्यातल्या एका कोळसाखाणीच्या छपरावर माझे आयुष्य गेले. मित्रांनो, मला मरणाचा वास आधी येतो असे गावात म्हणत. मला नाक नाही. बिडाच्या पेटीत भोके पाडलेली एक चकती फिरते, दाबलेली हवा त्या भोकांतून तुकड्यातुकड्याने सुटते, आणि त्यालाच लोक माझा आवाज म्हणतात. दांडा ओढणारा नेहमी माणूसच असे.

एक आवाज म्हणजे पाळी बदलली. तीन लांब आवाज म्हणजे खाली छत कोसळले. ते ऐकताच गावातले पुरुष खाणीच्या तोंडाकडे धावत. कुणी लग्नाच्या जेवणावरून, कुणी न्हाव्याकडून अर्ध्या दाढीने. बायका फाटकाशी येऊन उभ्या राहत. याला कुणी शौर्य म्हणे. मी वरून पाहत होतो. ती सवय होती. पाय आधी निघत, डोके मागून येई. खाणकामगारांची पाठराखीण संत वार्वारा, तिच्या सणाला ते मला फर वृक्षाच्या डहाळ्यांचा हार घालत आणि माझ्यावर आलुबुखाराची दारू शिंपडत. त्याने गंज लवकर चढतो, पण हेतू चांगला होता.

मग खाण बंद झाली. तिच्या तोंडावर काँक्रीटचे झाकण बसले. माझी तांब्याची नळी कुणीतरी कापून नेली आणि पेटीत डोमकावळ्यांनी घरटे केले.

कित्येक वर्षांनी राजधानीतून, बुखारेस्टहून, चित्रपटवाले आले. दिग्दर्शिकेचे नाव स्मारांदा. गोष्ट भविष्यातली होती: श्रीमंत उंच मनोऱ्यात उन्हात राहतात, गरीब जमिनीखाली राबून त्यांच्यासाठी हवा शुद्ध करतात. एके दिवशी खाली पाणी शिरते, खालचे जिन्याने वर धावतात, आणि वरचे दार लावून घेतात. 'वरचे' राजधानीतले नट होते. 'खालचे' म्हणून गावातले जुने खाणकामगार रोजंदारीवर घेतले. जेवणाचे तंबू दोन होते. वरच्यांच्या तंबूत खुर्च्या आणि शेगडी होती. खालच्यांना मक्याच्या पिठाची थंड मामालिगा उभ्यानेच खावी लागे, कारण बसल्यास कपड्यांवरची काजळी पुसली जाई.

"अख्खा जन्म ही काजळी धुण्यात गेला," पेत्राके नावाचा म्हातारा म्हणाला, "आणि आता ही पोरं ब्रशने फासतायत!"

त्यांच्यात गाव्रिल होता. तो पूर्वी बचाव पथकात होता. त्याच्या फुप्फुसांत दगडाची धूळ बसली होती, आणि धावलात तर जगणार नाही, असे डॉक्टरांनी बजावले होते. त्याची बायको सावेता स्वतः दिग्दर्शिकेला भेटली.

"बाई, याला पळायला लावू नका. चार पायऱ्या चढला तरी ओठ निळे पडतात."

"काळजी नको, मावशी. ते खांबाशी नुसते उभे राहतील. चेहरा काय बोलका आहे त्यांचा!"

"चेहरा ठीक आहे. आतला माल बाद आहे."

"घ्या," गाव्रिल हसला, "बायकोनेच भंगारात काढलं!"

मला नवी नळी बसवली. तंत्रज्ञाने दांडा एकदा ओढून पाहिला.

"एवढंच?" स्मारांदा म्हणाली. "याला कोण घाबरणार? लांब वाजवा. तीनदा."

तीनच का, याला काही कारण नव्हते. अशा विनाकारण गोष्टींना लोक मागाहून नियती म्हणतात.

कॅमेरे सुरू झाले आणि मी तीनदा वाजलो. भोंगा वाजला की जिन्याने वर धावायचे, असे गाव्रिल सोडून बाकी सर्वांना सांगितले होते. एकही म्हातारा वर धावला नाही. सगळे वळले आणि खाली, नेपथ्याच्या मागे, खाणीच्या खऱ्या तोंडाकडे सुटले. सर्वांत पुढे गाव्रिल होता.

तिकडे सावेता घरातून पळत फाटकाशी आली. पहारेकऱ्याने तिला अडवले.

"शूटिंग चालू आहे, मावशी."

"अरे, भोंगा झालाय!"

"तो सिनेमाचा आहे."

"भोंगा सिनेमाचा नसतो रे! सोड मला, माझा माणूस आत आहे."

गाव्रिल झाकणावर पडला आणि नखांनी काँक्रीट खरवडू लागला. मग त्याची बोटे थांबली. पेत्राके ओरडला, "अरे, डॉक्टर आणा!" चित्रपटवाल्यांचा डॉक्टर वरच्यांच्या तंबूत होता, आणि चित्रण थांबल्याखेरीज कुणाला चित्रणाच्या जागेत यायची मुभा नव्हती.

"थांबवू नका," स्मारांदा कुजबुजली. "चालू ठेवा. काय काम करतोय हा माणूस!"

चित्रण थांबले तेव्हा डॉक्टरला करण्यासारखे काही उरले नव्हते.

चित्रपटाला पारितोषिके मिळाली. मला लाल रंग देऊन गावच्या सभागृहात, पडद्याशेजारी बसवले, आणि तिथे गावकऱ्यांसाठी एक खेळ झाला. पडद्यावर माझा आवाज नव्हता. त्या जागी व्हायोलिने घातली होती. त्यामुळे गाव्रिल उलट का धावतो, हे पाहणाऱ्याला कळण्याचा मार्गच उरला नव्हता. एका समीक्षकाने लिहिले होते की, गुलाम आपल्या अंधाराकडेच परत धावतो, हे प्रतीक अपूर्व आहे. स्मारांदाने ते वाक्य मंचावरून वाचून दाखवले. टाळ्या पडल्या.

सावेता उठून उभी राहिली.

"तो अंधाराकडे नाही धावला, बाई. आत माणसं अडकलीत असं वाटलं त्याला. काढायला गेला होता."

"मावशी," स्मारांदा हळुवारपणे म्हणाली, "अर्थ ज्याचा त्याने लावायचा असतो."

मित्रांनो, मला रंग नको आणि हारही नको. माझी विनंती एवढीच आहे: कुणाचा आवाज उसना घ्याल, तेव्हा तो ऐकून तिथली माणसे कुठे धावतात, हे आधी विचारा. त्या गावात ते कुणीही सांगितले असते.