खाच नसलेला फोन

सूर्यभानच्या हाती आयुष्यात पहिल्यांदा भारीतला फोन आला, आणि तो निघाला असा, की त्यात सिम घालायला जागाच नव्हती. बायकोच्या बहिणीचा मुलगा रविराज दिवाळीत अमेरिकेहून आला, तेव्हा त्यानं आपला वापरलेला फोन "काका, हा घ्या तुम्हाला" म्हणून दिला होता. मिरजगावच्या मोबाईलवाल्यानं तो चारी बाजूंनी फिरवून पाहिला. शेवटी आवाज जातो त्या भोकातच टाचणी खुपसायला निघाला, तेव्हा सूर्यभाननं त्याचा हात धरला. मग रविराजला फोन लावला, तेव्हा उलगडा झाला. अमेरिकेतल्या नव्या फोनांना आता खाच नसते. सिम आतच असतं, त्याला ई-सिम म्हणतात, आणि कंपनीकडून आपला नंबर त्यात उतरवून घ्यावा लागतो.

"मग सोपं हाय की," दुकानदार म्हणाला. "नंबर ज्याच्या नावावर हाय, त्याला घेऊन या."

इथं घोडं अडलं. नंबर थोरल्या भावाच्या, आसारामच्या नावावर होता.

त्या घरात काय आसारामच्या नावावर नव्हतं ते विचारा. विजेचं मीटर, गॅस, ट्रॅक्टर, दूध डेअरीचं खातं, आणि धाकट्याच्या खिशातलं सिमसुद्धा. यात कुणी कुणाला लुबाडलं होतं अशातला भाग नाही. आसाराम कष्टाळू माणूस, बापामागं त्यानंच घर वर काढलं. पण त्यामुळं सूर्यभान बावन्न वर्षांचा झाला तरी दादासमोर बाजेवर बसत नसे, आणि "दादा, माझ्या फोनपायी मिरजगावला चला" एवढं वाक्य त्याच्या घशातून बाहेर आलं नाही. फोन कपाटात पडून राहिला तो थेट जूनपर्यंत.

जूनमध्ये तालुक्यातल्या दूधवाल्यांचा हॉलंडला अभ्यासदौरा निघाला. आसारामला विमानाची भीती, म्हणून नंबर धाकट्याचा लागला. तेव्हा सुकन्यानं कपाटातून तो फोन काढला.

सुकन्या सूर्यभानची एकुलती एक. राहुरीला शेतीची पदवी पहिल्या वर्गात घेऊन नुकतीच घरी आली होती, आणि पुढच्या एमेस्सीच्या यादीत आपलं नाव लागणार याची तिला खात्री होती. तिनं जुन्या फोनवर आलेला आकडा टाकून नव्या फोनवर बापाचं व्हॉट्सॲप सुरू केलं. परदेशात चालणारा दहा दिवसांचा डेटा स्वतःच ऑनलाइन विकत घेतला, आणि त्याचा चौकोनी कोड कागदावर छापून आणला.

"आप्पा, तिथं हॉटेलात वायफाय मिळंल. त्याच्यावर हा कोड स्कॅन करायचा, की तुमचं नेट सुरू. मग बसमधी असा न्हाईतर गोठ्यात, मला फोन लागंल. आत्ताच घातला, तर दिवस आजपासनं मोजत्यात. जपून न्या."

जुना फोन मात्र घरीच राहिला. "डेअरीचे मेसेज येत्यात त्याच्यावर, माझ्याजवळ ठीव," असं दादा म्हणाला, आणि सूर्यभाननं तो मुकाट्यानं दादाच्या हातात दिला.

निघायच्या आदल्या दिवशी सुकन्या गोठ्यात आली. श्रीगोंद्याकडचं एक स्थळ तिच्या तात्यांच्या, म्हणजे आसारामच्या, मनात फार भरलं होतं. मुलाचं औषध-बियाण्याचं दुकान, वर बागायत.

"आप्पा, तात्यांना सांगून जा. मला शिकायचंय. दोन वर्षं कुणी पाहुणे आनू नका म्हणावं."

"आल्यावर बोलतो ना. दहा दिवसांत काय आभाळ कोसळतंय?"

"आन् कोसळलं तर?"

"तर फोन लाव. मी तिथनं दादाला सांगतो. माझ्या शब्दाबिगर सुपारी फुटायची न्हाई."

गाईच्या पाठीवर हात ठेवून बोललेला शब्द होता. माणसासमोर बोलायची पाळी आली, की सूर्यभानच्या शब्दाचं काय होई, ते गाईंनाही ठाऊक असावं. सुकन्याला मात्र तो खरा वाटला. पोरगी हुशार होती, पण बापाच्या बाबतीत भाबडी.

मुंबईच्या विमानतळावर कर्जतकडचा कानिफनाथ शेजारी बसला. साठ गाईंचा गोठा, गळ्यात साखळी, हातात नवाकोरा फोन. सूर्यभाननं पिशवीतला कागद दोनदा काढून नीट आहे ना ते पाहिलं, तसं त्यानं विचारलं, "काय जपताय आप्पा येवढं?" सूर्यभाननं सांगितलं. कानिफनाथनं कागद हातात घेतला.

"कोडच हाय ना? मग मी बी मारून घेतो."

"लेकीनं माझ्यापुरता घेतलाय..."

"अवो, किराणा दुकानात पाटी लावलेली आस्ती. समदं गाव तिच्यावर फोन धरून पैसं टाकतं. पाटी झिजती का कधी?"

हे सूर्यभानला पटलं. आपल्याकडं कोड म्हणजे दुकानातली पाटी; ज्यानं त्यानं यावं, फोन धरावा, जावं. एकदा वापरला की मरणारा कोड त्यानं जन्मात पाहिला नव्हता. शिवाय साठ गाईंचा मालक आपल्याकडं काही मागतोय, याचं त्याला बरंही वाटलं. कानिफनाथनं विमानतळाच्या वायफायवर फोन धरला, टिचक्या मारल्या आणि कागद परत दिला.

हॉलंडच्या हॉटेलात पोचल्यावर सूर्यभाननं सुकन्यानं शिकवलं होतं तसं सगळं केलं. फोनवर उत्तर आलं, की हा कोड आधीच वापरला गेला आहे. त्यानं कागद उन्हात धरून पाहिला, पुसून पाहिला, मग कानिफनाथला दाखवला.

"अरारा! मंजी पयला मारंल त्याचं व्हय?" कानिफनाथ हसला. "काय काळजी करू नका आप्पा, माझ्यातलं नेट दीन की तुमाला."

वायफाय फक्त हॉटेलात होतं, तेही खालच्या बैठकीत. सूर्यभान रोज संध्याकाळी तिथल्या कोचावर अवघडून बसायचा आणि घरी बोलायचा. कोडाचं काय झालं ते त्यानं लेकीला सांगितलं नाही. तिनं हौसेनं घेतलेली वस्तू आपण वाटून बसलो, हे कुठल्या तोंडानं सांगणार? चौथ्या दिवशी सुकन्या हलक्या आवाजात म्हणाली, "आप्पा, तात्या पाहुण्यांना बोलवायचं म्हणतायत. आत्ता हायेत इथंच. देऊ का फोन?"

"आत्ता नको, जेवणाची वेळ झाली आसंल त्यांची. उद्या सकाळी निवांत बोलतो."

उद्या सकाळी बस सातला सुटली, आणि ते निवांत बोलणं हॉटेलच्या वायफायसंगं मागं राहिलं. बसमध्ये सूर्यभानच्या मनाला टोचणी लागली. तो कानिफनाथच्या बाकापाशी गेला. कानिफनाथ खिडकीतून दिसणाऱ्या काळ्यापांढऱ्या गाई फेसबुकवर गावाला थेट दाखवत होता.

"जरा नेट द्याल का? घरी येक फोन करायचाय."

"तुमच्याच कोडावर चाललंय की आप्पा समदं! पन मधीच दिलं, तर माझं हे आडकतंय. दुपारी घ्या."

सूर्यभान जागेवर येऊन बसला. भीड ही भिकेची बहीण म्हणतात. यानं तर ती जन्मभर घरात पोसली होती. आपल्याच लेकीच्या पैशाचं नेट, आणि ते मागायला हाच ओशाळा. दुपारी कानिफनाथ विसरला, आणि सूर्यभाननं आठवण करून दिली नाही. ज्या गोठ्यात माणूस नव्हता आणि यंत्रच गाईंच्या आचळांना कप लावत होतं, त्या गोठ्यात तो तासभर उभा राहिला. गाय आपणहून यंत्रापाशी येते, दूध देते, आपणहून निघून जाते, याचं त्याला फार नवल वाटलं.

संध्याकाळी सहाला हॉटेलच्या दारात पाय पडला, तसा फोन खिशातच थरथरायला लागला आणि थांबेचना. सुकन्याचे तेवीस कॉल. त्याखाली तिचे आवाजातले निरोप. सूर्यभान भिंतीकडं तोंड करून उभा राहिला आणि एकेक ऐकू लागला.

"आप्पा, पाहुणे आलेत. नुसतं बघायला म्हणून आले हुते. तात्यांना फोन करा."

"आप्पा, सुपारी फोडायचं म्हणतायत. उचला की फोन."

"त्यांच्यातला येक जन म्हनतोय, आजच उरकून टाका, खर्च वाचंल. लोकं टाळ्या वाजवतायत आप्पा. आईला कुणी इचारत न्हाई."

एकात तर ती नुसती श्वास घेत होती आणि मागं कुणीतरी मंगलाष्टकांना माणूस बोलवायला गाडी पाठवत होतं. शेवटचा निरोप तीन वाजून पन्नास मिनिटांचा, म्हणजे गावाकडं दिवेलागणीचा. "आप्पा, मी तुमच्या नेहमीच्या नंबरावर लावला. तर फोन तात्यांच्या खिशात वाजला."

पुढचं सगळं बायकोकडून कळलं. लंकाबाई रडत रडत बोलत होती. पाहुण्यांनी विचारलं होतं, की मुलीचा बाप परदेशात, त्याचं काय? तेव्हा आसारामनं भरल्या बैठकीत सूर्यभानचा जुना फोन खिशातून काढून दाखवला. "जाताना त्यानं फोनसुदीक माझ्या हवाली केलाय. आता यातनं काय समजायचं ते समजा." सगळे समजले. पोरगी बोलली, की मला आप्पांशी बोलू द्या. तासभर थांबले, फोन लागला नाही. बापाला हरकत असती, तर त्यानं फोन चालू ठेवला असता, असं कुणीतरी म्हणालं, आणि तेही सगळ्यांना पटलं. साखरपुड्यातच लग्न उरकलं म्हणून तालुक्यातल्या दूधवाल्यांच्या ग्रुपवर दोन्ही घरांचं कौतुक चाललं होतं. अनावश्यक खर्चाला फाटा, समाजापुढं आदर्श. खाली शंभरावर हात जोडलेले. त्यात कानिफनाथचाही एक होता. त्यानं तो बसमधूनच जोडला होता, सूर्यभानच्याच कोडावरून.

दौरा संपवून सूर्यभान आला. दादानं स्वतः गाडी पाठवली, गळ्यात हार घातला. "नशीब काढलं पोरीनं," दादा म्हणाला. सूर्यभाननं मान हलवली आणि दादासाठी आणलेलं चीज पिशवीतून काढून दिलं. त्याचा त्यालाच राग आला, पण तोही नेहमीसारखा आतल्या आत.

नव्या नवरीला माहेरी आणायला मुराळी म्हणून भाऊ जातो. सुकन्याला भाऊ नव्हता, म्हणून बापच गेला. सासरची माणसं वाईट नव्हती. पाय धुवायला पाणी दिलं, चहा-पोहे दिले, परदेशातल्या गाईंची चौकशी केली आणि बापलेकीला बोलू द्यावं म्हणून बाहेर गेली. सुकन्या डोक्यावर पदर घेऊन समोर बसली. सूर्यभाननं सगळं सांगितलं: कोड, कानिफनाथ, बस, वायफाय. कुठंही स्वतःला वाचवलं नाही, एवढं मात्र खरं.

ती शांतपणे म्हणाली, "आप्पा, यादीत माझं नाव लागलंय. सोमवारपर्यंत राहुरीला जाऊन प्रवेश घ्यायचाय."

सूर्यभान दचकला. "मग? हितले काय म्हनत्यात?"

"ह्यांची हरकत न्हाई. मामंजी म्हणाले, व्यवहार तुझ्या चुलत्यांशी झालाय. त्यांनी एक शब्द टाकला, की पोरीला शिकू द्या, तर आम्ही मोडता घालणार न्हाई. सुनेच्या तोंडनं बरं दिसत न्हाई म्हणाले."

"मग तू सांग की दादाला."

"मी सांगितलं. तात्या म्हणाले, तुझा बाप काही बोलला न्हाई, तू कशाला बोलतीस?"

तिनं आपला फोन उचलला. भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या सोमवाराकडं पाहत तात्यांचा नंबर लावला आणि फोन बापाच्या हातात दिला. घरात नेट होतं, रेंज होती, आणि ऐकणारं तिसरं कुणी नव्हतं. दोनच घंट्या झाल्या.

"हां, कोन?"

"मी, दादा."

"सूर्यभान व्हय? बोल."

सूर्यभान सवयीनं उठून उभा राहिला. सुकन्या त्याच्या तोंडाकडं पाहत होती. वाक्य काही अवघड नव्हतं. दादा, पोरीला शिकू द्या म्हणून पाहुण्यांना सांगा. त्यातलं 'पोरीला शिकू द्या' तर बसमध्ये, विमानात, गाडीत त्यानं शंभरदा मनात म्हटलं होतं.

"अरं बोल की, काय झालं?"

"काय न्हाई दादा," सूर्यभान म्हणाला. "पोचलो म्हणून सांगायला केला. हितं समदं झ्याक हाय."

"बरं बरं. ठीव मग."

सुकन्यानं त्याच्या हातातून फोन घेतला. मग त्याची कपबशी उचलली, आणि आणखी चहा घेणार का, हे पाहुण्याला विचारावं तसं विचारून ती आत गेली.